पंचक्रोशीचा वीज कंत्राटदार

मीटरपर्यंतची तार महावितरणची, मीटरच्या पुढची घरमालकाची. कागदावर ही हद्द स्पष्ट आहे आणि घरगुती विजेच्या बऱ्याचशा तक्रारी तिच्या आतल्या बाजूलाच उगवतात. लाइनमन येतो, मीटरवर सप्लाय आहे हे टेस्टर लावून दाखवतो आणि 'आतलं तुमचं तुम्ही बघा' म्हणून निघून जातो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण आतलं बघायचं कोणी?

पुण्या-मुंबईत मोबाइलवरून इलेक्ट्रिशियन बोलावता येतो. तालुक्याच्या गावी ओळखीचा वायरमन असतो. 'संध्याकाळपर्यंत येतो' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो. त्याच्या हातात कसब असतं, पण बहुतेक वेळा परवाना नसतो, इन्सुलेशन मोजणारा मेगर नसतो आणि बिलाचा तर प्रश्नच येत नाही. दुसऱ्या टोकाला मोठे ठेकेदार असतात. कारखाने, सरकारी इमारती आणि बिल्डरची कामं यांत ते गुंतलेले, त्यांना एका घराचा फॉल्ट काढायला माणूस पाठवणं परवडत नाही. या दोघांच्या मधली जागा बहुतेक तालुक्यांत रिकामी आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या पोरांना ती दिसते. आपल्याच भागात राहावं, चार पैसे मिळवावेत आणि लोकांच्या उपयोगीही पडावं, असं त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात असतं.

या जागेवर उभं राहायचं तर कायदा, तंत्र, पैसा आणि माणसं या चारही बाजू एकत्र पाहाव्या लागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकाभिमुख वीजधंदा फुकट कामांवर टिकत नाही. रास्त पैसे घेऊन केलेलं, उपकरणाने तपासलेलं आणि सहीनिशी लिहून दिलेलं काम, हीच त्यातली समाजसेवा आणि तोच त्याचा धंदा.

परवान्याची पायरी

वीज कायदा 2003चा. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेले सुरक्षाविषयक विनियम आधी 2010चे होते, आता 2023चे आहेत. त्यांचा गाभा सोपा आहे. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेमार्फत मिळतात.

सूटही आहे, आणि ती नेमकी कुठे संपते हे धंद्यात उतरणाऱ्याने नीट समजून घ्यावं. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणं, म्हणजे जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी दुरुस्ती, परवान्याशिवाय चालते. बाथरूममध्ये गिझरचा नवा पॉइंट काढला की ती सूट संपली. गावोगावचे वायरमन ही रेघ रोज ओलांडतात, कारण ती तिथे आहे हे ना त्यांना कुणी सांगितलेलं असतं, ना गिऱ्हाइकाला.

परवान्याचं महत्त्व सगळ्यात उघड दिसतं ते टेस्ट रिपोर्टवर. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट अर्जाला जोडावा लागतो. या वायरिंगचं इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग तपासलं, पुरवठा सुरू करायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा कागद घर न पाहताच मिळतो. सही-शिक्क्याचा दर ठरलेला असतो आणि काम पुढे सरकतं. लोकांसाठी धंदा करायचा असेल तर पहिला नियम इथेच घालून घ्यावा लागतो. जागेवर गेल्याशिवाय सही करायची नाही. याने सुरुवातीला गिऱ्हाईक तुटतं, 'पलीकडचा पाचशे रुपयांत देतो' हे ऐकून घ्यावं लागतं. पण उद्या दुर्घटना झाली तर त्या सहीखाली नाव आपलं असतं.

भिंतीच्या आत काय असतं

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दोन खोल्यांच्या घरातला एखादा बोर्ड उघडून पाहावा. घर बांधलं तेव्हा दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि एक टीव्ही, एवढाच हिशेब होता, म्हणून 1 चौरस मिलिमीटरची तार ओढली. पुढे फ्रिज आला, मिक्सर आला, मग गिझर आला. दोन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. त्यासाठी मोठा सॉकेट बसवला, पण मागची तार तीच जुनी राहिली. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे जी अर्थिंगची तार असायला हवी, ती मुळात तिथवर आलेलीच नसते. कधीकधी कुणी 'शहाण्या'ने न्यूट्रलवरूनच अर्थच्या पिनला जंपर दिलेला असतो. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि घरातले मशीनला दोष देतात.

अशा घरात एमसीबी बसवला की आपण सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. 16 अँपिअरचा एमसीबी प्रवाह 16 अँपिअरच्या वर गेल्यावर पडणार. माणसाचा जीव त्याच्या अगदी छोट्या अंशानेही जातो. म्हणून जिवाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर पडणारा आरसीसीबी लावतात. दोन्ही आकड्यांत पाचशे पटींहून जास्त अंतर आहे. हे गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत समजावून सांगता आलं तर आरसीसीबीचा खर्च त्याला डोईजड वाटत नाही. अर्थात जुन्या घरात आरसीसीबी लावला की तो पहिल्याच दिवशी पडतो, कारण गळती आधीपासून असते. 'तुम्ही काहीतरी बिघडवलंत' ही तक्रार ठरलेली. तिला उत्तर एकच: आधी मेगर लावायचा, आकडा दाखवायचा, मग आरसीसीबी बसवायचा. 500 व्होल्टच्या मेगरवर तारेचं इन्सुलेशन किमान 1 मेगाओम दाखवतं का, हे डोळ्यांसमोर मोजून दिलं की वाद संपतो.

वायरिंगसाठी आयएस 732, अर्थिंगसाठी आयएस 3043 ही भारतीय मानकं आहेत आणि सगळ्यावर राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. ती पाठ असणं गरजेचं नाही, पण त्यातली दोन-तीन पानं साध्या मराठीत लिहून गिऱ्हाइकाच्या हाती देणारा ठेकेदार अजून दुर्मीळ आहे. काम संपल्यावर डीबीच्या (वितरण पेटीच्या) दारावर आतून एक कागद चिकटवावा: कोणता एमसीबी कुठल्या खोलीचा, कुठे किती जाडीची तार, अर्थिंगचा खड्डा कुठे, शेवटची तपासणी कधी. पुढच्या वायरमनचे दोन तास वाचतात, तो वायरमन दुसऱ्याचा माणूस असला तरी.

हा विषय घरापुरता नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर राज्यभर विद्युत तपासणीची चर्चा झाली. देशात विजेचा धक्का लागून दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. यातले बरेच जीव शेतात, गोठ्यात, मोटारीच्या पेटीजवळ जातात. शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाण्याची टाकी यांची वार्षिक तपासणी हे स्थानिक ठेकेदाराचं हक्काचं काम व्हायला हवं.

दराचा खरा हिशेब

या धंद्यातले बरेच लोक बुडतात ते काम कमी मिळालं म्हणून नव्हे, दर चुकीचा लावला म्हणून. एक नमुना मांडू. समजा, दोन वायरमन प्रत्येकी 18,000 रुपये, एक हेल्पर 12,000, पेट्रोल आणि येण्याजाण्याचे 8,000, गाळ्याचं भाडं, विमा, फोन, हत्यारांची झीज मिळून 14,000, आणि मालकाच्या घरखर्चाचे 30,000. महिन्याची बेरीज एक लाख. 25 दिवस काम धरलं तर रोज 4,000 रुपये मजुरीतून सुटलेच पाहिजेत. दोन वायरमन वेगवेगळ्या ठिकाणी गेले तरी प्रवास, सामान आणणं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणं वजा जाता प्रत्येकाचे पैसे मिळण्याजोगे तास पाचच्या वर क्वचित जातात. म्हणजे दहा तासांत चार हजार, तासाला 400 रुपये.

आता बारा किलोमीटरवर जाऊन 150 रुपयांत स्विच बदलणं हे काय आहे ते कळतं. ती मदत असेल, पण तिचे पैसे वायरमनच्या पगारातून जातात. त्यावरचा उपाय गावागावांत फिरण्याचा वार ठरवण्यात आहे. मंगळवारी या बाजूची पाच गावं, शुक्रवारी त्या बाजूची. दहा घरांची किरकोळ कामं एका फेरीत झाली की दर कमी ठेवूनही फेरी अंगावर येत नाही. तातडीच्या कामाला वेगळा दर, आणि तो आधी सांगितलेला.

दुसरी अडचण सामानाच्या कमिशनची. तारेच्या बंडलावर, स्विचच्या खोक्यावर वायरमनसाठी कूपन किंवा पॉइंट असतात, दुकानदाराचा कटही असतो. मजुरी पडती सांगायची आणि कमिशनमधून भरून काढायची, अशी जुनी रीत आहे. त्यामुळे वायरमनला महागडा ब्रँड खपवावासा वाटतो आणि गिऱ्हाइकाला मजुरीची खरी किंमत कधीच कळत नाही. कोटेशनमध्ये मजुरी आणि सामान वेगळं लिहिणं, कमिशन मिळत असेल तर ते सांगणं, याने पहिल्या वर्षी मिळकत घटते. दुसऱ्या वर्षी शेजारचं घर न बोलावता येतं.

उधारी हा तिसरा खड्डा. नव्या बांधकामात स्लॅबच्या वेळचं पाइपिंग, प्लॅस्टरनंतर तारा ओढणं आणि रंगानंतर फिटिंग असे तीन टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्याआधी त्याचे पैसे, हे लेखी ठरलं नाही तर शेवटच्या फिटिंगचे पैसे रंगाऱ्याच्या, फर्निचरच्या आणि वास्तुशांतीच्या खर्चात विरघळून जातात. लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी 2006चा कायदा आहे, 45 दिवसांची मुदत आहे, व्याजाची तरतूद आहे. परंतु मजुरी आणि सामान एकत्र असलेल्या कंत्राटी कामाला तो कितपत लागू होतो, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. त्याच्या भरवशावर उधारी देऊ नये.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीनंतर लागते. सामानासकट काम घेतलं की तारा आणि डीबीची किंमतही उलाढालीत धरली जाते आणि ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. घरगुती गिऱ्हाइकाला 18 टक्के जड जातात, कारण त्याला त्याचा परतावा नसतो. म्हणून लहान ठेकेदार सामान गिऱ्हाइकाला घ्यायला सांगतो आणि फक्त मजुरीचं बिल करतो. हे कायदेशीर आहे आणि पारदर्शकही. फक्त सामान आयएसआय मार्कचंच हवं, ही अट त्याने सोडू नये.

भांडवलाचा प्रश्न मात्र समजतात तेवढा मोठा नाही. मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, ड्रिल, ग्रूव्ह कटर, शिडी, रबरी हातमोजे आणि एक दुचाकी, एवढ्यावर सुरुवात होते. मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचं 'शिशु' आणि पाच लाखांपर्यंतचं 'किशोर' कर्ज आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान आहे. 'पीएम विश्वकर्मा'च्या 18 व्यवसायांत मात्र वीजतंत्री नाही, तिकडे चकरा मारण्यात अर्थ नाही.

एकट्याने, भागीदारीत की सहकाराने

'समाजासाठी' म्हटलं की महाराष्ट्रात पहिली आठवण सहकाराची येते. वीजक्षेत्रातही तो प्रयोग झालेला आहे. श्रीरामपूर-राहुरी परिसरातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था अनेक वर्षं स्वतः वीज वितरण करत होती. 2011 मध्ये ते काम महावितरणकडे गेलं. वीजखरेदीची थकबाकी डोंगराएवढी झाली होती. संस्था लोकांची असली तरी बिलाची वसुली आणि हिशेबाची शिस्त आपोआप येत नाही, हा तिचा धडा. उलट बाजूचं उदाहरण केरळचं. 1925 साली स्थापन झालेली ऊरालुंगल मजूर कंत्राट सहकारी संस्था आज रस्ते-पुलांची मोठी कामं करते आणि कामगारच तिचे सभासद आहेत. कामाचा दर्जा आणि वेळ पाळणं, या नावावर ती टिकली.

तिसरं उदाहरण कर्नाटकातल्या सेल्कोचं. 1995 पासून ही कंपनी गोरगरिबांच्या घरांत सौरदिवे बसवते. तिचे सहसंस्थापक हरीश हंदे यांना 2011चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं खरं कसब पॅनेल विकण्यात नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मिळकतीप्रमाणे हप्ते बांधून देणारी ग्रामीण बँक गाठणं आणि बिघाड झाला की जवळून माणूस पाठवणं, ही त्यांची वेगळी वाट. आपल्याकडच्या ठेकेदाराने गावच्या पतसंस्थेशी बोलून 'वायरिंग दुरुस्ती कर्ज' सुरू करायला हरकत नाही. जुन्या घराचं वायरिंग बदलायचं तर रक्कम एकदम काढणं शेतमजुराला जमत नाही, बारा हप्त्यांत जमतं.

महाराष्ट्रात सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत मजूर संस्थांसाठी आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी हिस्सा राखण्याची पद्धत असल्याने ही वाट आकर्षक वाटते. परंतु केवळ त्या कोट्यासाठी काढलेल्या संस्था कागदावरच राहतात आणि काम तिसराच करतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. मला विचाराल तर सुरुवात एकल मालकीने करावी. उद्यम नोंदणी करावी, चालू खातं उघडावं. दोन-तीन जण पक्के जमले की भागीदारी किंवा एलएलपी. दहा माणसं पाच वर्षं एकत्र टिकली, हिशेब उघडे राहिले, तर मग सहकाराचा विचार. उलट्या क्रमाने गेलेले प्रयोग भांडणांत संपतात.

माणसं आणि नकार

खेड्यात 'झिरो वायरमन' नावाची एक जमात आहे. लाइनमनकडे गावं जास्त, माणसं कमी. मग गावातलाच कोणी धाडसी पोरगा रोहित्राच्या डीपीवर चढतो, फ्यूज टाकतो, तुटलेली तार जोडतो. त्याला पगार नाही, विमा नाही, लाइन बंद असल्याचं परमिट नाही. पडला तर घरच्यांना कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतींनी आयटीआय झालेले ग्रामविद्युत व्यवस्थापक नेमण्याची योजना याच गरजेतून आली. नव्याने धंद्यात उतरलेल्या ठेकेदारालाही हे आग्रह होतात: 'दादा, तेवढा फ्यूज टाकून द्या की, पिकं वाळायला लागलीत.' ठामपणे नाही म्हणणं, आणि तक्रार नोंदवायला मात्र बरोबर जाणं, ही त्याची बांधिलकी.

आपल्या माणसांचीही तजवीज लागते. हेल्परची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होऊ शकते. त्याला वर्षात 90 दिवसांच्या बांधकाम कामाचा दाखला लागतो आणि तो देणं ठेकेदाराच्या हातात असतं. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. हे दोन्ही मालकाने स्वतः भरून टाकावं. हेल्परला तीन वर्षं शिडीच धरायला लावायची आणि कनेक्शन करताना पाठ फिरवायची, ही उस्तादी मोडली पाहिजे. शिकलेला हेल्पर उद्या स्पर्धक होईल ही भीती खरी आहे. पण पंचक्रोशीत काम एवढं पडलेलं आहे की ती आज तरी परवडते. आयटीआयच्या मुलींना कामावर घेण्यातही आता नवल राहिलेलं नाही. महावितरणच्या खांबावर महिला तंत्रज्ञ चढतात आणि दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला मुलगी कामाला आलेली बरी वाटते.

नवं काम कुठे आहे

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील सौरसंचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. विक्रेते भराभर संच बसवतात, पण देखभालीचा माणूस जिल्ह्याच्या गावी बसलेला असतो. डीसी बाजूचं अर्थिंग, एसी बाजूचं अर्थिंग आणि तडितरोधकाचं अर्थिंग वेगवेगळं हवं, हे अनेक छतांवर पाळलेलं दिसत नाही. तपासणी आणि देखभाल हे स्थानिक ठेकेदाराचं उद्याचं मोठं काम आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपांचंही तसंच.

पूर हे दुसरं, नकोसं पण नेमाने येणारं काम. 2019 साली कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पाणी ओसरलं तेव्हा लोकांना आधी लाइट हवी होती. भिंत वरून सुकली तरी पाइपात ओल असते, बुडालेले एमसीबी वरून चांगले दिसतात आणि ऐन वेळी पडत नाहीत. घरोघरी मेगर लावून 'इथे आज नको, चार दिवसांनी' असं सांगणारा परवानाधारक माणूस त्या आठवड्यात जीव वाचवतो. अशा वेळी ग्रामपंचायतीशी आधीच दर ठरवून केलेला करार असेल, तर कुणाच्या अडचणीचा फायदा घेतल्याचा आरोप येत नाही आणि ठेकेदारही तोट्यात जात नाही.

आणि गणेशोत्सवाचा मंडप. तात्पुरती जोडणी घेतली तरी आतलं वायरिंग बहुतेकदा डेकोरेटरचा माणूस गुंडाळून देतो. लोखंडी कमानीवरून उघड्या जोडाच्या तारा जातात, जनरेटर आणि मेनलाइन यांच्यात नीट चेंजओव्हर नसतो, वर पाऊस. मंडपाची तपासणी, आरसीसीबीसह तात्पुरता डीबी भाड्याने देणं आणि विसर्जनापर्यंत रोज एक फेरी, हे एक पॅकेज म्हणून विकता येतं. मंडळाला पाच हजारांची वर्गणी देऊन फलकावर नाव झळकवणारा ठेकेदार गावाला माहीत आहे. मंडपाचं अर्थिंग पैसे घेऊन तपासणारा ठेकेदारही गावाला हवा आहे, आणि त्याचं बिल अनंत चतुर्दशीच्या आत चुकतं करणारं मंडळही.